१८४४६७४४०७३७०९५५१६१५ : ही वीस अंकी संख्या हाताने कशी फोडायची

गोव्यातल्या साखळीहून एका पालकांनी प्रश्न विचारला आहे. त्याचा सारांश असा. २०२५ च्या नोव्हेंबरात गोव्यात बुद्धिबळाचा विश्वचषक झाला, तेव्हापासून त्यांची आठवीतली मुलगी पटाला चिकटून आहे. शिकवणाऱ्या सरांनी तिला ती जुनी गोष्ट सांगितली: पटाच्या पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे चौसष्ट घरांपर्यंत. तिने चार दिवस वहीत बेरजा करून १८४४६७४४०७३७०९५५१६१५ हे उत्तर काढले. वडिलांनी संगणकावरच्या स्प्रेडशीटमध्ये तपासले तर तिथे १८४४६७४४०७३७०९६००००० आले. मुलगी म्हणते शेवटी ५ आहे, यंत्र म्हणते शून्य. खरे कोण? आणि मुलीचा स्वतःचा प्रश्न: या संख्येत काही विशेष आहे, की ती नुसतीच मोठी आहे? ती 'प्राइम' आहे का, हे हाताने कळेल का?

तुमची बाय बरोबर आहे, वीसच्या वीस अंकांपर्यंत. हे आधी तिला सांगा, मग पुढचे वाचा.

मी गेली २८ वर्षे फोंडा तालुक्यात अकरावी-बारावीला गणित शिकवतो आणि रविवारी सकाळी आठवी-नववीच्या मुलांना घेऊन बसतो. असे प्रश्न आले की माझ्या लक्षात येते, मुलांना संख्येच्या लांबीची भीती वाटते. वीस अंक दिसले की ती ३ ने, ७ ने, ११ ने भागायला लागतात आणि पान भरले की सोडून देतात. पण संख्या किती लांब आहे यावरून ती फोडायला सोपी की अवघड हे ठरत नाही. ती कशी तयार झाली आहे यावरून ठरते. तुमच्या मुलीकडे नेमकी तीच माहिती आहे, कारण ही संख्या तिने स्वतः दाणा दाणा जोडून तयार केली आहे. आपला खरा प्रश्न मी असा मांडतो: जन्म माहीत असलेली संख्या त्या जन्माच्या आधाराने कशी वाचायची?

आधी जन्म बघू. सगळ्या घरांतले दाणे मोजायच्या आधी शेजाऱ्यांकडून एक दाणा उसना आणा आणि पहिल्या घरात टाका. तिथे आता दोन झाले. ते उचलून दुसऱ्या घरातल्या दोनांत मिसळा, चार झाले. ते तिसऱ्यातल्या चारांत, आठ झाले. असे ढकलत गेलात की प्रत्येक घरात पोहोचताना तुमच्या हातात त्या घरात आहेत तेवढेच दाणे असतात, आणि मिसळले की दुप्पट होतात. चौसष्टावे घर संपले की हातात २ चा ६४ वा घात असतो. उसना दाणा परत करा. उरले २ चा ६४ वा घात उणे १. रविवारच्या वर्गात मी हे खरोखर उकडे तांदूळ घेऊन पहिल्या आठ घरांपर्यंत करून दाखवतो. सूत्र सांगून जे पटत नाही ते त्या उसन्या दाण्याने पटते.

शेवटचा अंक आता एका ओळीत निघतो. २ च्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे फिरत राहतात. ६४ ला ४ ने भाग जातो, म्हणून ६४ व्या घाताच्या शेवटी ६. त्यातून १ गेला, ५ उरला. शून्य येणे शक्यच नाही.

सगळे अंक तपासायचे असतील तर चौसष्ट वेळा दुप्पट करायची गरज नाही. २ चा वर्ग ४, त्याचा १६, त्याचा २५६, त्याचा ६५५३६, त्याचा ४२९४९६७२९६, आणि याचा वर्ग म्हणजे २ चा ६४ वा घात. सहा वर्ग, एवढेच. शेवटचा वर्ग मोठा वाटतो, पण दहा अंकांचे पाच-पाच असे दोन तुकडे केले की आवाक्यात येतो: ४२९४९ आणि ६७२९६. पहिल्याचा वर्ग १८४४६१६६०१. दुसऱ्याचा वर्ग ४५२८७५१६१६. दोघांच्या गुणाकाराची दुप्पट ५७८०५९१८०८. पहिल्या उत्तरापुढे दहा शून्ये, तिसऱ्यापुढे पाच शून्ये, दुसरे जसेच्या तसे, आणि तिन्हींची बेरीज १८४४६७४४०७३७०९५५१६१६. ताळा घ्यायचा तर अंकांची बेरीज ८८, तिला ९ ने भागून बाकी ७. इकडे २ चा सहावा घात ६४, त्याची ९ ने बाकी १. म्हणून साठाव्या घाताचीही बाकी १, आणि चौसष्टाव्याची बाकी १६ ची म्हणजे ७. जुळले. नऊचा ताळा सगळ्या चुका पकडत नाही, दोन अंकांची अदलाबदल झाली तर तो गप्प बसतो. तरी वीस अंकांच्या कामात मी तो कधीच टाळत नाही.

यंत्राने मग शून्ये का दाखवली? स्प्रेडशीटमध्ये संख्येचे पहिले १५ अंकच दिसतात (पंधरावा पुढचे अंक बघून जवळच्या अंकाला नेलेला), पुढे शून्ये भरली जातात. पडद्यामागेही गोष्ट सरळ नाही. संगणक अशी संख्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, ५३ अंकांच्या जागेत ठेवतो. २ चा ६४ वा घात त्याला अचूक ठेवता येतो, कारण एकावर चौसष्ट शून्ये म्हणजे लिहायला एकच अंक. पण त्याच्या लगेच खालची संख्या, जी तो ठेवू शकतो, ती तब्बल २०४८ ने कमी आहे. मधल्या कुठल्याही संख्येला जागाच नाही. म्हणून तुम्ही त्यातून १ वजा केला तरी काहीच बदलत नाही. पडद्यावरचा आकडा आणि मुलीचे उत्तर यांत ४८,३८५ दाण्यांचा फरक आहे. हजार दाणे सुमारे २५ ग्रॅम धरले तर सव्वा किलोच्या आसपास तांदूळ यंत्राने पदरचे घातले.

हा केवळ खेळातला प्रश्न नाही. एका संस्थेत सोळा अंकी क्रमांकांची यादी संख्या म्हणून टाइप केली गेली आणि प्रत्येक क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य झाला. मला बोलावले तेव्हा मूळ कागदांवरून ती सगळी यादी पुन्हा उतरावी लागली. पंधरा अंकांहून लांब काहीही असेल तर ते तक्त्यात मजकूर म्हणून लिहावे. मोठ्या पूर्णांकांचे गणितच करायचे असेल तर पायथनसारख्या संगणकाच्या भाषेत पूर्णांक हवा तेवढा लांब चालतो, तिथे शेवटचा ५ नीट दिसेल.

आकार किती मोठा, हे थोडक्यात. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. म्हणजे १ लाख ८४ हजार ४६७ कोटी कोटी आणि वर काही. भास्कराचार्यांनी दिलेल्या स्थानांच्या नावांत कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकु, जलधि, अंत्य, मध्य असे चढत शेवटी परार्ध येते, म्हणजे एकावर सतरा शून्ये. आपली संख्या तिथेही मावत नाही, ती १८४ परार्धांच्या पुढे आहे. तांदळात सांगायचे तर वरच्याच हिशेबाने सुमारे ४६ हजार कोटी टन. जगभरात वर्षाला साधारण ५० कोटी टन तांदूळ होतो, तेव्हा हे नऊशे वर्षांचे पीक. गोव्याचे क्षेत्रफळ ३७०२ चौरस किलोमीटर. घनमीटरला ८०० किलो धरून हा तांदूळ पेडण्यापासून काणकोणपर्यंत सारखा पसरला तर दीडशे मीटरांहून जाड थर बसेल, दूधसागरच्या ३१० मीटर उंचीच्या निम्म्यापर्यंत. दाण्याचे वजन जातीप्रमाणे बदलते, म्हणून हे आकडे अंदाजाचेच. मुलीला घरातल्या तांदळाचे हजार दाणे मोजून वजनकाट्यावर ठेवायला सांगा आणि तिचा स्वतःचा आकडा काढू द्या.

आता फोडायला घेऊ. शाळेतल्या कसोट्यांनी काय मिळते ते आधी बघा. शेवटी ५, म्हणून ५ ने भाग जातो. अंकांची बेरीज ८७, म्हणून ३ ने जातो आणि ९ ने जात नाही. 'प्राइम' आहे का, म्हणजे मूळ संख्या आहे का, याचे उत्तर इथेच संपले: नाही. ११ साठी एकाआड एक अंकांच्या बेरजांमधला फरक ३७ येतो, तेव्हा ११ ने जात नाही. ७ ने आणि १३ नेही जात नाही. बहुतेक मुले इथे थकतात, कारण पुढे १७, १९, २३ करत वीस अंकांचे भागाकार कोण करणार?

अंकांकडे पाहणे इथेच सोडा. जन्माकडे या. आठवीच्या पुस्तकातले सूत्र आहे: दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी. २ चा ६४ वा घात हा ३२ व्या घाताचा वर्ग आहे आणि १ हा १ चा. म्हणून आपली संख्या म्हणजे (३२ वा घात अधिक १) गुणिले (३२ वा घात उणे १). दुसऱ्या कंसाला पुन्हा तेच सूत्र लागते: (१६ वा घात अधिक १) गुणिले (१६ वा घात उणे १). पुन्हा, पुन्हा, शेवटी २ उणे १, म्हणजे १ उरतो. गोळा करा: ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि ४२९४९६७२९७. या सहांचा गुणाकार म्हणजे तुमच्या मुलीची संख्या. एका सूत्राचा सहा वेळा वापर, एकही लांब भागाकार नाही.

हे कुणाला जादूसारखे वाटत असेल तर दशमान पद्धतीतले भावंड बघा. १११११११ अशी एकांची रांग मुलांना आवडते. आठ एक घ्या: ११११११११. ती ११११ च्या दोन गटांची आहे, म्हणून ११११ गुणिले १०००१. ११११ म्हणजे ११ गुणिले १०१. झाले: ११ × १०१ × १०००१. बुद्धिबळाची संख्या द्विमान पद्धतीत लिहिली तर ती सलग चौसष्ट एकांची रांग आहे, दुसरे काहीही नाही. रांग मधोमध मोडत जायची, दोन्हीकडे युक्ती तीच. मी वर्गात नेहमी आठ एकांपासूनच सुरुवात करतो. ते उत्तर पाटीवर गुणून बघता येते, आणि एकदा पटले की चौसष्टांची भीती जाते.

या भावंडाने आणखी एक इशारा दिला आहे. ११ आणि १०१ या मूळ संख्या आहेत, पण १०००१ नाही: ती ७३ × १३७ आहे. तसेच इकडे ३, ५, १७, २५७, ६५५३७ या मूळ संख्या आहेत. शेवटची, ४२९४९६७२९७, तिचे काय?

ही एका संख्येची गोष्ट गणिताच्या इतिहासात सुमारे नव्वद वर्षे चालली. फ्रान्सच्या पिएर द फर्मा यांनी १६४० मध्ये असे मत मांडले की २ च्या ज्या घाताचा घातांक स्वतः १, २, ४, ८, १६, ३२ असा दुपटीचा आहे, त्यात १ मिळवला की दर वेळी मूळ संख्याच मिळते. सिद्धता त्यांच्याकडे नव्हती. पहिल्या पाच संख्या मूळ आहेत हे दिसत होते आणि सहावी दहा अंकी. १७३२ मध्ये लिओनार्ड ऑयलर यांनी दाखवले की ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७. फर्मांचा अंदाज तिथेच पडला. त्यानंतर या साखळीतली आणखी एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही.

६४१ सापडला कसा, हे मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते, म्हणून इथे थांबतो. ३, ७, ११, १३ असे करत गेलो तर ६४१ ही ११६ वी मूळ संख्या आहे. शंभराहून अधिक भागाकार करावे लागतील. पण जन्माची माहिती इथेही कामी येते. धरा की प ही मूळ संख्या '३२ वा घात अधिक १' ला भागते. मग २ च्या ३२ व्या घाताला प ने भागून बाकी उणे १ (म्हणजे प ला एक कमी) राहते आणि वर्ग केल्यावर ६४ व्या घाताची बाकी १. आता १ पासून दुप्पट करत जा आणि दर वेळी प ने भागून बाकी लिहा. बाक्या चक्रात फिरतात आणि चक्र १ वर येऊन पूर्ण होते. ते चक्र ६४ पायऱ्यांचेच आहे. चक्र त्याहून लहान असते तर त्याची लांबी ६४ ची भाजक, म्हणजे ३२, १६, ८ यांपैकी काहीतरी असती आणि ३२ व्या पायरीलाही बाकी १ आली असती. आपल्याकडे तिथे उणे १ आहे. दुसरीकडे, फर्मांचाच छोटा सिद्धांत सांगतो की प उणे १ व्या पायरीला बाकी नक्की १ असते. म्हणजे तिथे चक्र पूर्ण होते, म्हणजे प उणे १ ला ६४ ने भाग जातो.

याचा अर्थ, भाजक शोधायचा तर फक्त ६४ च्या पाढ्यात एक मिळवलेल्या संख्या बघायच्या: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यांतल्या मूळ पाचच: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. शंभराहून अधिक भागाकारांचे पाच झाले आणि पाचव्याला दार उघडले. एका वर्षी रविवारच्या वर्गातल्या एका मुलीने मला विचारले होते, "सर, ६४ च का?" तोपर्यंत मी ही यादी नुसती फळ्यावर लिहून देत असे. त्या दिवशी घरी जाऊन वरची चक्राची मांडणी आठवीच्या भाषेत बसवली. तेव्हापासून यादी देण्याआधी चक्र शिकवतो. वेळ जास्त जातो, पण मुले यादी पाठ करत नाहीत, स्वतः तयार करतात.

६४१ ने खरेच भाग जातो याचा एक ताळा असा आहे की त्यात भागाकारच नाही. ६४१ दोन तऱ्हांनी लिहिता येतो: ५ × १२८ + १, आणि ६२५ + १६. पहिल्यावरून ५ × १२८ ची ६४१ ने बाकी उणे १. १२८ हा २ चा सातवा घात. दोन्ही बाजूंचा चौथा घात घ्या: ६२५ गुणिले २ चा २८ वा घात, बाकी १. दुसऱ्यावरून ६२५ च्या जागी उणे १६ चालतो. १६ हा २ चा चौथा घात, तो २८ व्याला जाऊन मिळाला की ३२ वा. म्हणजे उणे ३२ व्या घाताची बाकी १, म्हणून ३२ वा घात अधिक १ ची बाकी शून्य. ही चार वाक्ये मी कितीही वेळा फळ्यावर लिहिली तरी मला तितकाच आनंद देतात.

तर पूर्ण उत्तर: ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७. सात मूळ अवयव, प्रत्येक एकदाच. प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणून एकूण भाजक २ चा सातवा घात, म्हणजे १२८. मुलीला हे नक्की आवडेल: २ च्या घातापासून जन्मलेल्या संख्येच्या भाजकांची संख्याही २ चा घात निघाली.

यांतल्या पाच अवयवांबद्दल आणखी एक गोष्ट. १७९६ मध्ये अठरा वर्षांच्या गाउस यांनी दाखवले की केवळ पट्टी आणि कंपासने सतरा बाजूंची सुसम (सगळ्या बाजू आणि सगळे कोन समान असलेली) आकृती काढता येते. विषम बाजूंच्या ज्या सुसम आकृत्या अशा काढता येतात हे आज माहीत आहे त्यांच्या बाजूंची संख्या ३, ५, १७, २५७, ६५५३७ यांतूनच बनते, प्रत्येक जास्तीत जास्त एकदा. या पाचांचा गुणाकार ४२९४९६७२९५, म्हणजे बुद्धिबळाच्या पटाच्या पहिल्या चार ओळींतले सगळे दाणे. अर्ध्या पटावर पट्टी-कंपासची अख्खी कथा बसली आहे. मला ही जुळणी फार प्रिय आहे.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते स्पष्ट सांगतो, नाहीतर कुठलीही वीस अंकी संख्या अशीच फुटेल असा समज होईल. आपली संख्या फुटली कारण ६४ हा घातांक पुन्हा पुन्हा अर्धा होतो. घातांक ६४ ऐवजी ६७ असता तर? २ चा ६७ वा घात उणे १ म्हणजे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. फक्त एक अंक जास्त. पण ६७ मूळ संख्या आहे, वर्गांच्या वजाबाकीचे सूत्र लागत नाही. एदुआर ल्युका यांनी १८७६ मध्ये ही संख्या मूळ नाही हे सिद्ध केले, तरी अवयव त्यांना मिळाले नाहीत. ते १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोल यांनी दिले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. तीन वर्षांचे रविवार लागले, असे कोल म्हणाल्याचे सांगतात. एकीकडे अर्धा तास, दुसरीकडे तीन वर्षांचे रविवार, आणि दोन्ही संख्या जवळपास तेवढ्याच लांब.

घातांक मूळ असला की २ चा घात उणे १ मूळच असते, असेही समजू नका. ११ व्या घाताला २०४७ येतात आणि ते २३ × ८९ आहेत. उलट घातांक ३१ असताना २१४७४८३६४७ येते आणि ती खरोखर मूळ आहे. आणि कुणी रस्त्यावरच्या गाड्यांचे क्रमांक जोडून वीस अंकी संख्या दिली तर तिला जन्मकथाच नाही. तिथे छोट्या कसोट्या लावाव्या आणि मग सरळ संगणकाला द्यावी. आजचा साधा संगणक वीस अंक क्षणात फोडतो. त्यात कमीपणा नाही.

'विशेष' या शब्दाबद्दलही बोलायला हवे. पुष्कळ वेळा लोक अंकांतली गंमत शोधतात. आपल्याकडे देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर या कामातले मोठे नाव. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करत गेले तर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते, हे त्यांनी १९४९ मध्ये मांडले. चारही अंक सारखे असू नयेत एवढीच अट. मी ते दरवर्षी शिकवतो आणि मुले वेडी होतात. मात्र ६१७४ ची ही गंमत आपण दहाच्या पायात मोजतो म्हणून आहे. पाया बदला, ती गंमत जाते. तुमच्या मुलीच्या संख्येचे सात अवयव कुठल्याही पायात तेच राहतात. दोन्हींची गोडी वेगळी आहे, आणि आठवीच्या वयात दोन्ही चाखाव्यात असे माझे मत आहे.

हीच संख्या आणखी कुठे भेटते? ल्युका यांनीच १८८३ मध्ये तीन खुंट्यांचे हनोईचे कोडे बाजारात आणले आणि त्याला काशीच्या देवळातल्या सोन्याच्या चौसष्ट चकत्यांची काल्पनिक कथा जोडली. त्या हलवायला लागणाऱ्या किमान चाली नेमक्या एवढ्याच. सेकंदाला एक चाल केली तरी ५८ हजार कोटी वर्षांहून अधिक लागतील. आणि चौसष्ट द्विमान अंकांच्या जागेत संगणकाला ठेवता येणारा सगळ्यांत मोठा धन पूर्णांकही हाच. मघाशी यंत्र चुकले कारण स्प्रेडशीट ती जागा अपूर्णांकांसाठीही वापरते. पूर्ण जागा पूर्णांकाला दिली असती तर ही संख्या शेवटच्या दाण्यापर्यंत बसली असती.

मुलीबरोबर हे कसे करावे? परीक्षा तोंडावर असेल तर आठ एकांची रांग तेवढी द्या, बाकी सुट्टीत. वेळ असेल तर आधी उसना दाणा, मग ११११११११, मग सहा वर्ग आणि त्यांचा ताळा, मग वर्गांची वजाबाकी. चक्राची मांडणी तिला लगेच पटली नाही तर घाई करू नका. १७ ने बाक्या लिहायला सांगा: २, ४, ८, १६, १५, १३, ९, १. आठ पायऱ्यांत चक्र पूर्ण, चौथ्या पायरीला १६ म्हणजे उणे १, आणि १७ उणे १ ला ८ ने भाग जातो. लहान प्रमाणावर सगळी गोष्ट तिथे दिसते.

एक काम मी मुद्दाम तिच्यासाठी ठेवतो. ६७००४१७ ही मूळ संख्या आहे असे मी वर नुसते सांगितले आहे, ते तिने स्वतः तपासावे. तिचे वर्गमूळ २५८८ च्या थोडे पुढे, तेव्हा तिथपर्यंतचेच भाजक बघायचे. ल्युका यांनी पुढे दाखवले की इथे भाजक उणे १ ला ६४ नेच नव्हे तर १२८ नेही भाग जावा लागतो. म्हणून १२८ च्या पाढ्यात एक मिळवत २५८८ पर्यंत जायचे आणि मूळ संख्या वेचायच्या. त्या पाचच निघतात: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. पाच भागाकार, वहीचे एक पान. बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४ आणि ६२२ आल्या पाहिजेत. एखादी वेगळी आली तर तिने ते पान मला पाठवावे, कुठे घसरली ते आम्ही दोघे मिळून शोधू.